कायदा ब्रुसेल्सचा, खटाटोप पुण्याचा

नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांना २०१० चा हंगाम अजून आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि युरोपात गेलेली द्राक्षे तेथेच अडकून पडली. बाग आपली, घाम आपला. परंतु किती अंश चालेल हे ठरविणार घेणारा. द्राक्षांच्या बाबतीत हे चटकन पटते, कारण पेटी डोळ्यांना दिसते, बंदरात अडविता येते. पण पुण्यातल्या संगणकावर तयार होऊन क्षणार्धात हॅम्बुर्गला पोचलेला एखादा निर्णय कोणत्या बंदरात अडवायचा?

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. वरील प्रश्नाचे उत्तर त्याच्या दुसऱ्याच कलमात आहे. कंपनी कोठली, हे हा कायदा विचारीत नाही. तिची प्रणाली युरोपच्या बाजारात येते काय, किंवा त्या प्रणालीतून निघालेले फलित युरोपात वापरले जाते काय, एवढेच तो पाहतो.

समजा, पुण्यातील वीस-पंचवीस जणांच्या एका कंपनीने नोकरीचे अर्ज चाळणारी प्रणाली बनविली आणि ती एका जर्मन कारखानदाराने घेतली. उमेदवारांची निवड हा विषय कायद्याने ‘उच्च जोखमी’च्या यादीत घातला आहे. (परीक्षेतील उत्तरांचे मूल्यमापन हेही त्याच यादीत येते, आमच्या प्राध्यापकवर्गाने नोंद घ्यावी!) आता प्रणाली कोणत्या माहितीवर शिकविली, एखाद्या गटावर तीत अन्याय होतो काय, माणसाची देखरेख कोठे आहे, हे सारे या कंपनीने लिहून ठेवायचे. ती कागदपत्रे दहा वर्षे जपायची. शिवाय युरोपात एक अधिकृत प्रतिनिधी लेखी नेमायचा. चुकल्यास दंड दीड कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या तीन टक्क्यांपर्यंत. मोठ्या कंपन्यांना यांतील जास्त रकमेची मर्यादा, लहानांना कमी रकमेची. दंडात अशी दया आहे खरी, पण प्रतिनिधीचे मानधन आणि वकिलाची फी लहान-मोठे पाहत नाही. बड्या कंपनीत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. येथे प्रणाली लिहिणाराच रात्री कागद लिहीत बसणार.

त्यातही तारखांचा घोळ आहे. उच्च जोखमीच्या बहुतेक अटींसाठी मूळ कायद्यात २ ऑगस्ट २०२६ ही तारीख होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच ती पुढे नेण्याचा प्रस्ताव मांडला. तयारीवर आधीच पैसा घातलेल्याने काय करावे?

कोलंबिया विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका अनू ब्रॅडफर्ड यांनी २०१२ मध्ये या साऱ्या प्रकाराला ‘ब्रुसेल्स परिणाम’ असे नाव दिले. दोन बाजारांसाठी दोन माल करणे महाग पडते, म्हणून कारखानदार कडक नियमाचा एकच माल सर्वत्र विकतो, आणि युरोपचा कायदा न सांगता जगाचा होतो. रसायनांच्या बाबतीत हे बरेच खरे ठरले. संगणक प्रणालीच्या बाबतीत मला तितकी खात्री वाटत नाही. कारखान्यात दुसरा साचा घालावा लागतो. येथे एका देशासाठी एखादी सोय चालू आणि दुसऱ्यासाठी बंद ठेवणे फारसे अवघड नाही.

आपला संबंध येतो तो येथेच. या अटी लागू झाल्या की हॅम्बुर्गच्या उमेदवाराला, आपला अर्ज चाळताना यंत्राचा हात होता हे सांगावे लागेल, आणि निर्णय त्याच्या अहिताचा असेल तर त्यात यंत्राचा वाटा किती होता याचे स्पष्टीकरण त्याला कारखानदाराकडे मागता येईल. भारतात मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी युरोपसारखा स्वतंत्र कायदा झालेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिली ती मार्गदर्शक तत्त्वे, आणि ती बंधनकारक नाहीत. पदवी घेऊन आपण बाहेर पडू आणि तीच पुण्यात बनलेली प्रणाली पुण्यातच आपला अर्ज बाजूला टाकील, तेव्हा तिची सगळी कागदपत्रे नीट लिहिलेली, दहा वर्षांसाठी जपलेली असतील. ती पाहण्याचा अधिकार मात्र युरोपातील अधिकाऱ्यांना असेल.