चाहत्यांचा कौल : चित्रपट-पारितोषिके आणि रसिकतेची मोजणी

चित्रपटांच्या वार्षिक पारितोषिकांचा उल्लेख साहित्याच्या आणि कलेच्या इतिहासांत वारंवार येतो. एखाद्या कादंबरीवरून काढलेल्या चित्रपटाला अमुक साली अमुक पारितोषिक मिळाले, एवढे नमूद केले की त्या कलाकृतीच्या स्वीकाराचा प्रश्न निकालात निघाला असे मानण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु पारितोषिक कोणी दिले हा प्रश्न ते कोणाला मिळाले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. शासनाने नेमलेली समिती, व्यवसायातील सहकारी, समीक्षकांची संघटना आणि चित्रपटांचे चाहते हे पारितोषिक देणारे चार भिन्न वर्ग आहेत. त्यांपैकी चौथ्या वर्गाच्या कौलाकडे अभ्यासकांनी आजवर दोनच दृष्टींनी पाहिले आहे. काहींना तो लोकप्रियतेचा निर्विवाद पुरावा वाटतो, तर काहींना तो विचारात घेण्याच्याही योग्यतेचा वाटत नाही. हे दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात : चाहत्यांचे मत आधीच सिद्ध असते आणि मतपत्रिका ते केवळ उतरवून घेते. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रेक्षकाच्या पसंतीला निर्णयाचे मूल्य द्यावे की नाही, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, साधुवाद, रोमांच यांतून व्यक्त होणारी ती मानुषी सिद्धी. या सामान्य प्रतिसादाखेरीज भरताने प्राश्निकांची, म्हणजे निर्णय देणाऱ्या जाणकारांची, स्वतंत्र योजना केली आहे. त्यांत वैयाकरण आणि छंदशास्त्रज्ञ आहेत, तसेच धनुर्धर, चित्रकार आणि गणिकाही आहेत. ज्याच्या त्याच्या विषयापुरते त्याने मत द्यावे आणि स्पर्धा असेल तेव्हा विजयी नटाला पताका मिळावी, अशी ही व्यवस्था आहे. भरताने रसिकाचा उद्गार आणि जाणकाराचा निर्णय या दोहोंना स्थान दिले; मात्र त्यांची सरमिसळ होऊ दिली नाही. चाहत्यांच्या मतदानाने नेमकी हीच सीमारेषा पुसली. त्याने उद्गारालाच निर्णयाचा दर्जा दिला आणि त्यासाठी उद्गार मोजण्याची युक्ती शोधली.

या युक्तीचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण अमेरिकेतील आहे. ‘फोटोप्ले’ या मासिकाने १९२० सालच्या चित्रपटांपासून वाचकांच्या मतांवर आधारलेले सुवर्णपदक देण्यास प्रारंभ केला. हॉलिवुडमधील व्यावसायिकांच्या अकादमीचा पहिला पारितोषिक-समारंभ १९२९ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे चाहत्यांचा कौल व्यावसायिकांच्या कौलाहून किती जुना आहे हे कळते. पहिले पदक फ्रँक बोर्झेगी दिग्दर्शित ‘ह्यूमरेस्क’ या चित्रपटाला मिळाले. न्यूयॉर्कमधील गरीब ज्यू कुटुंबातील आई आणि तिचा व्हायोलिनवादक मुलगा यांची ही कथा फॅनी हर्स्ट या लेखिकेची होती. या मतदानातील एक व्यवस्था विशेष उद्बोधक आहे. वर्ष संपल्यानंतर मतदानासाठी काही महिने थांबण्यात येई, कारण वर्षअखेरीस प्रदर्शित झालेले चित्रपट लहान गावांपर्यंत पोहोचण्यास तेवढा अवधी लागे. ज्याने चित्रपट पाहिलाच नाही त्याला मताचा अधिकार देऊन उपयोग नाही, हे संयोजकांना उमगले होते. मताच्या समानतेआधी पाहण्याच्या संधीची समानता हवी, हे तत्त्व पुढील अनेक पारितोषिकांनी विसरून टाकले.

भारतात या पद्धतीला खरी प्रतिष्ठा लाभली ती ‘फिल्मफेअर’ पारितोषिकांमुळे. १९५२ साली सुरू झालेल्या या इंग्रजी नियतकालिकाने २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात पहिला समारंभ घडवून आणला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपटसमीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ या पारितोषिकांना आरंभी ‘क्लेअर’ असे नाव होते. पारितोषिके पाचच होती आणि त्यांसाठी २०,००० हून अधिक वाचकांनी मते पाठविली होती. सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५१-५२ मध्ये नुकतीच पार पडली होती. मतपत्रिका हे त्या काळी नव्या नागरिकत्वाचे चिन्ह होते आणि चित्रपटाच्या चाहत्याला ते चिन्ह हाती देणे ही साधी गोष्ट नव्हती. चित्रपटवेडा म्हणून ज्याची हेटाळणी होई, त्याचे मत आता नोंदवून घेतले जात होते.

या मतदारांनी काय निवडले? उत्कृष्ट चित्रपट म्हणून बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आणि उत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून स्वतः रॉय. अभिनेत्यांत ‘दाग’मधील दिलीपकुमार, अभिनेत्रींत ‘बैजू बावरा’मधील मीनाकुमारी आणि संगीतकारांत त्याच चित्रपटासाठी नौशाद. ‘दो बिघा जमीन’ची कथा सलिल चौधरींची होती आणि तिच्या नावामागे रवींद्रनाथांच्या कवितेची छाया होती. सावकारी पाशात सापडलेल्या आणि कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याचे हे चित्रण रंजनाच्या रूढ कल्पनांशी फारसे जुळणारे नव्हते. ‘बैजू बावरा’च्या संगीताचा पाया रागदारीचा होता, अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर या दोन शास्त्रीय गायकांचे स्वर त्यात होते. म्हणजे चाहते उथळ तेच निवडतात हे विधान पहिल्याच वर्षी खोटे ठरले.

याच वर्षी शासकीय पारितोषिकेही सुरू झाली आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले. ‘दो बिघा जमीन’ला तेथे गुणवत्तेचे प्रमाणपत्र लाभले. साने गुरुजींच्या पुस्तकावर आधारलेला, आईच्या वात्सल्याने ओथंबलेला चित्रपट समितीने निवडावा आणि वास्तवाचा कठोर चित्रपट चाहत्यांनी निवडावा, हे रूढ समजुतीच्या नेमके उलट झाले. अर्थात या तुलनेला मर्यादा आहेत. फिल्मफेअरची निवड हिंदी चित्रपटांची होती. ‘श्यामची आई’ त्या मतदारांपुढे नव्हताच. शिवाय इंग्रजी नियतकालिक विकत घेऊन वाचणारा, त्यातून मत लिहून टपालाने पाठविणारा चाहता हा सर्वसामान्य हिंदी चित्रपटाचा प्रातिनिधिक प्रेक्षक म्हणता येणार नाही. तिकिटाच्या खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या फार मोठ्या वर्गाला ती भाषा वाचता येत नव्हती. पाहण्याची भाषा एक आणि मत देण्याची भाषा दुसरी, अशी ही स्थिती होती. ‘दो बिघा जमीन’ची निवड चाहत्यांची खरीच, पण ती चाहत्यांच्या एका स्तराची होती.

मतदार कोण या प्रश्नाइतकाच मतपत्रिकेवर काय छापले आहे हा प्रश्न निर्णायक असतो. मतदाराला रकाना दिलेला नसेल तर त्याची आवड कितीही उत्कट असली तरी ती मोजली जात नाही. हिंदी चित्रपटाच्या चाहत्याला सर्वांत प्रिय काय, असे विचारले असता गाणे हेच उत्तर मिळाले असते. तरी आरंभीच्या पाच पारितोषिकांत गायकासाठी जागा नव्हती. पाश्चात्त्य नमुन्यात पार्श्वगायन ही कलाच नसल्यामुळे तिचा रकाना तेथून उसना मिळणे शक्य नव्हते. १९५७ साली शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’साठी पारितोषिक मिळाले तेव्हा त्या चित्रपटातील गीत समारंभात गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गायकाला नाही, मग गायकाने तेथे का गावे, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. १९५९ साली पार्श्वगायनाचे आणि गीतलेखनाचे पारितोषिक सुरू झाले. पहिले अनुक्रमे लता मंगेशकर यांना ‘मधुमती’तील आणि शैलेंद्र यांना ‘यहुदी’तील गीतासाठी मिळाले. गायक आणि गायिका यांचे रकाने वेगळे होण्यास मात्र १९६८ साल उजाडावे लागले.

१९५७ सालच्याच पारितोषिकांत दुसरा पेच उद्भवला. ‘देवदास’मधील चंद्रमुखीसाठी वैजयंतीमाला यांना सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी ते नाकारले. चंद्रमुखी ही पारोच्या बरोबरीची भूमिका आहे, दुय्यम नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. शरच्चंद्रांच्या कादंबरीच्या अभ्यासकाला हा वाद अपरिचित वाटणार नाही. मूळ रचनेत दोन स्त्रिया नायकाच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. मतपत्रिकेला मात्र एक नायिका आणि एक सहायक एवढीच विभागणी माहीत होती. येथे रकान्याने केवळ मत टिपले नाही, तर कलाकृतीचा एक अर्थ मतदारावर लादला.

तिसरा प्रश्न मोजणीचा. १९५६ पासून फिल्मफेअरने वाचकांच्या मतांच्या जोडीला तज्ज्ञांची समिती आणली. भरताच्या परिभाषेत सांगायचे तर मानुषी सिद्धीशेजारी प्राश्निक येऊन बसले. परंतु दोहोंच्या मतांची बेरीज कशी होते हे बाहेरच्याला दिसत नसेल तर निकालावर संशयाची छाया पडणे अटळ असते. १९७३ साली ‘बेइमान’साठी मिळालेले सहायक अभिनेत्याचे पारितोषिक प्राण यांनी परत केले. ‘पाकीझा’चे दिवंगत संगीतकार गुलाम मोहम्मद यांना डावलून संगीताचे पारितोषिक ‘बेइमान’लाच दिले गेले, हा त्यांचा आक्षेप होता. स्वतःच्या लाभाविरुद्ध उभ्या राहिलेल्या या नकारात चाहत्याच्या न्यायबुद्धीचाच स्वर होता.

मोजणीचा आणखी एक प्रकार रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाले’त आढळतो. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अमीन सयानी गीतांचा क्रम जाहीर करीत आणि वर्षाअखेर वार्षिक यादी लागे. क्रम ठरविताना तबकड्यांच्या विक्रीबरोबरच गावोगावच्या श्रोतासंघांच्या पत्रांचाही विचार होऊ लागला. येथे इंग्रजी येण्याची अट नव्हती, आणि आज झारखंडात असलेल्या झुमरी तलैयासारख्या गावाचे नाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर झाले. फिल्मफेअरचा मतदार आपापल्या घरी बसून मत लिहीत होता. श्रोतासंघ एकत्र बसून पसंती ठरवीत होता. एकीकडे व्यक्तीची रुची मोजली जात होती, दुसरीकडे मंडळाची.

यंत्रे बदलली तरी प्रश्न तेच राहिले. २०२२ साली अमेरिकेच्या अकादमीने ट्विटरवरून चाहत्यांचा आवडता चित्रपट निवडण्याचा उपक्रम केला. त्यात एका खात्यावरून दिवसाला २० पर्यंत मते देता येत होती आणि ‘आर्मी ऑफ द डेड’ हा चित्रपट पहिला आला. एका व्यक्तीला एक मत हे तत्त्व सुटले की मोजले जाते ते मत नव्हे, चिकाटी. ज्यांच्या दिग्दर्शकासाठी चाहते संघटित होते त्यांचा जय झाला. ज्यांनी चित्रपट पाहिला, आवडला आणि जे गप्प राहिले ते मोजणीबाहेर राहिले.

तात्पर्य, चाहत्यांच्या पारितोषिकाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायचे असेल तर पोथीकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. पोथी कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तिच्यात काय गाळले गेले, हे विचारल्यावाचून पाठचिकित्सक तिच्यावर विसंबत नाही. पारितोषिकाच्या यादीलाही मतदार कोण होते, रकाने कोणते होते आणि मोजणी कशी झाली हे तीन प्रश्न विचारावे लागतात. हे प्रश्न कौल नाकारण्यासाठी नाहीत. समीक्षकांनी लिहून ठेवलेले असंख्य अभिप्राय ग्रंथालयांत जपले गेले. १९५४ साली ज्या २०,००० वाचकांनी एका रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या वर्षी मतपत्रिका भरल्या, त्यांच्या रसिकतेची खूण म्हणून मागे राहिली ती एवढीच एक यादी. ती नीट वाचणे हे त्यांचे देणे आहे.