पीएच. डी. नंतर काय?

घरातले मूल पीएच. डी. झाले की आनंदीआनंद होतो. मग वडीलधारी मंडळी विचारतात, "आता नोकरी कुठे?" उत्तर येते, "अजून दोन वर्षे संशोधन." हे ऐकून आईबापांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून या दोन वर्षांचे मोल समजून घेऊ या.

क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९७२ साली जर्मनीत डॉक्टरेट मिळवली. पुढे ते ऑक्सफर्डला आणि फ्रान्समधील ग्रनोब्ललाही संशोधनासाठी गेले. फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रनोब्ल येथे, अतिशीत तापमानात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, सिलिकॉनच्या उपकरणातील विजेचा एक रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना त्यांना दिसला. त्या पायऱ्या केवळ निसर्गाच्या स्थिरांकांवर ठरतात. मूळ मूल्य सुमारे २५,८१३ ओहम. या शोधाला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा आपल्याशी काय संबंध? १८८९ पासून जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळ जपलेला धातूचा एक ठोकळा होता. २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावर ठरतो, आणि त्याच्या मोजणीत हा रोध उपयोगी पडतो. बाजारातल्या वजनामागेही आता हे शास्त्र उभे आहे.

अशा मोजणीसाठी उत्तम पदार्थ लागतात. २००४ साली मँचेस्टरला वेगळे केलेले ग्राफिन आता याच कामी येते. म्हणून मोजमाप आणि पदार्थविज्ञान हातात हात घालून चालतात.

इंग्लंडमधील टेडिंग्टन आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापन प्रयोगशाळांत हे काम चालते. जर्मनीची हुम्बोल्ट शिष्यवृत्ती आणि युरोपची मेरी क्युरी शिष्यवृत्ती सर्व देशांच्या उमेदवारांना खुल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेची एक प्रसिद्ध योजना मात्र फक्त तेथील नागरिकांसाठी आहे. अर्जापूर्वी नियम नीट वाचावेत.

प्रथम आपल्या विषयाच्या प्राध्यापकांना पत्र लिहावे, कारण यजमान संस्थेच्या संमतीशिवाय या दोन्ही शिष्यवृत्त्यांचे अर्ज पुढे सरकत नाहीत. आपल्या मुलांना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात. ग्रनोब्लसारख्या गावी हे भांडवल कामी येईल.

एक गोष्ट मात्र खरी. ही जागा मुदतीची असते आणि पुढच्या नोकरीची हमी नसते. म्हणून मुदत, पगार आणि कुटुंबाचा व्हिसा आधीच विचारून घ्यावा. आणि मुलांनी जायचे ठरवले, तर आईबापांनी "कधी संपणार?" असे न विचारता "काय मोजतोस? काय मोजतेस?" असे विचारावे.