‘थ्री नॉट थ्री’ कोणत्या सालची?

‘थ्री नॉट थ्री’ म्हटलं, की पोलीस शिपायाच्या खांद्यावरची ती लाकडी रायफल डोळ्यांपुढे येते. वास्तविक हे रायफलीचं नाव नव्हे. ते तिच्या नळीच्या आतल्या व्यासाचं, ०.३०३ इंचाचं माप. तिचं नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. पहिल्या महायुद्धात ती ब्रिटिश आणि हिंदी फौजांच्या हाती होती. त्यामुळे ज्यांचे पणजोबा मराठा पलटणीत होते, अशी मंडळी जुना फोटो पुढे करून मला विचारतात, ‘हा साधारण कधीचा?’ फोटोमागे तारीख नसली, तरी रायफल थोडं बोलते.

आधी नळी पाहा. जुन्या ली-एनफिल्डची नळी सुमारे ३० इंच होती आणि तिचं तोंड लाकडाच्या पुढे आलेलं असे. पायदळाला आणि घोडदळाला एकच रायफल असावी म्हणून १९०३ च्या सुमारास २५ इंची नळी आली. हिच्यात लाकूड थेट तोंडापर्यंत जातं आणि टोक बोथट दिसतं.

मग बोल्टवर नजर टाका. पाच-पाच काडतुसांची पट्टी खोचायला तिथे आधार लागतो. पहिल्या ‘मार्क १’ मध्ये हा आधार दोन तुकड्यांत होता. एक डावीकडे पक्का, दुसरा बोल्टच्या डोक्यावर सरकणारा. १९०७ च्या ‘मार्क ३’ मध्ये त्याऐवजी आडवा पक्का पूल आला.

तिसरी खूण डाव्या अंगाला, पुढच्या लाकडावर. फार दूरच्या जमावावर एकदम गोळीबार करताना नेम धरायची छोटी तबकडी तिथे असे. उजवीकडे ‘कट-ऑफ’ नावाची पोलादी पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझिनमधली दहा काडतुसं राखीव राहत आणि शिपाई एकेक काडतूस हाताने भरी. युद्धात रायफली झटपट हव्या होत्या. म्हणून १९१६ मध्ये मंजूर झालेल्या ‘मार्क ३ स्टार’ मध्ये तबकडी आणि कट-ऑफ, दोन्ही गाळले.

इथे एक पथ्य पाळावं. जुनी रायफल वर्षानुवर्षं वापरात राहते. म्हणून तबकडी दिसली, तरी फोटो १९१६ पूर्वीचाच असं म्हणता येत नाही. फोटो निदान कधीच्या आधीचा नाही, एवढंच तिच्यावरचा सर्वांत नवा बदल सांगतो. शिवाय फोटोत बहुधा एकच बाजू दिसते आणि दुरुस्तीत भागही बदलले जात.

प्रत्यक्ष रायफल समोर असेल, तर काम सोपं. बोल्टच्या मुठीमागे, दस्ता जिथे बसतो त्या पोलादी कड्यावर उजवीकडे मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि मार्क कोरलेला असतो. एडवर्डचं ‘ई. आर.’ १९१० पर्यंतचं, त्यानंतर जॉर्जचं ‘जी. आर.’. ‘नंबर १’ असं लिहिलं असेल, तर ती अक्षरं १९२६ च्या नामांतरानंतरची. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ही रायफल बनत असे. स्वातंत्र्यानंतर तिथल्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

तेव्हा पणजोबांच्या फोटोखाली साल लिहिण्यापूर्वी भिंग घेऊन रायफल पाहा. खात्री होईल तेवढंच लिहा. ‘१९१६ नंतरचा’ एवढे दोन शब्दही अंदाजाने टाकलेल्या पक्क्या तारखेपेक्षा पुढच्या पिढीला अधिक उपयोगी पडतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)