देहद्रवांची साक्ष

वसतिगृहात आरोग्य तपासणीच्या दिवशी लघवीची बाटली नेताना मुले संकोचतात, ती पाठीमागे लपवतात. परंतु ज्याला आपण घाण म्हणून टाकून देतो, त्या द्रवात शरीराच्या रोजच्या कारभाराचा जमाखर्च असतो. तो वाचण्याच्या एका शास्त्रीय पद्धतीची ओळख आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांना करून देत आहोत.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटविज्ञान हे तिचे नाव. व्यवहारात तिला ‘एनएमआर’ म्हणतात. रुग्णालयातील एमआरआय याच तत्त्वावर शरीराचे चित्र काढते. एनएमआर द्रवातील पदार्थ ओळखते. हायड्रोजनचे अणुकेंद्र इवल्याशा चुंबकासारखे वागते. नमुना प्रबळ चुंबकात ठेवून त्यावर रेडिओलहरी सोडल्या, की ही केंद्रे ठरावीक कंप्रतेला प्रतिसाद देतात. रेणूतील शेजार बदलला, की ही कंप्रता किंचित सरकते.

१९५१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या रेणूतील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखवले. त्यांचे प्रमाण ३ : २ : १ होते. संकेताची जागा पदार्थ सांगते आणि त्याचा आकार प्रमाण सांगतो. यांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या संशोधनाचा पाया घातला. त्याच संस्थेत १९८३ मध्ये ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रासह राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. अशा यंत्रातील चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या दोन लाख पटींहून अधिक प्रबळ असते.

देहद्रवांत पाणीच फार, म्हणून पाण्याचा संकेत आधी दाबावा लागतो. मग बाकीचे क्षीण संकेत दिसू लागतात. १९८४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उपाशीपोटी असलेल्या निरोगी व मधुमेही व्यक्तींचे रक्तद्रव आणि लघवी अशा रीतीने तपासली. साखर, कीटोन द्रव्ये आणि इतर अनेक पदार्थ एकाच आलेखात उमटले. यासाठी सुमारे अर्धा मिलिलिटर नमुना पुरतो आणि तपासणीनंतरही तो शाबूत राहतो. कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये मानवी लघवीतील २०९ पदार्थ या पद्धतीने ओळखले.

तथापि या पद्धतीला मर्यादाही आहेत. अत्यल्प प्रमाणातील पदार्थ तिच्या नजरेतून सुटतात. आहार, औषधे आणि नमुना घेण्याची वेळ यांनी आलेख बदलतो. म्हणून केवळ एका आलेखावरून निदान करता येत नाही. यंत्रही अतिशय महागडे आहे. तेव्हा पालकांनी गावाजवळच्या दवाखान्यातील साखरेची, हिमोग्लोबिनची, लघवीची साधी तपासणी कमी लेखू नये. वेळेवर केलेली साधी तपासणीच अनेकांचे प्राण वाचवते.

क्षीण संकेत ऐकण्याचे शास्त्र आता आपल्या दारी येत आहे. औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. ती दूरच्या ताऱ्यांच्या हालचालींची चाहूल घेईल. एनएमआर आपल्याच देहाची चाहूल घेते. दोन्हींसाठी भौतिकशास्त्र आणि गणित यांचा पक्का अभ्यास हवा. त्या वाटेवर आपल्या विद्यालयातील मुलामुलींनी जावे, आणि तोवर तपासणीच्या दिवशी बाटली लपवू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.