सहलीसाठी गाडी भाड्याने की विकत? आधी नंबरप्लेट बघा

भिगवणचे फ्लेमिंगो, उजनीचं पाणी ओसरल्यावर दिसणारं पळसदेवचं मंदिर, सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारा. बारामती-इंदापूरची ही फेरी दोन दिवसांत होते. तेवढ्यासाठी जुनी गाडी विकत घेणं परवडत नाही. नावावर करणं, विमा, पीयूसी, दुरुस्ती हा खर्च गाडी दारात उभी असली तरी चुकत नाही. वर्षभर फिरणार असाल, तरच विकत घ्या.

भाड्याने घेताना मात्र नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापरासाठी असते. ओळखीतून ती स्वस्तात मिळते. पण भाड्याने दिलेल्या खासगी गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग वाचवलेले हजार-पाचशे बाजूला राहतात आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या गळ्यात पडतं.