मुळावलेली उपकारस्तुती

ही मालिका ऐकणारे आणि आता वाचणारे कोणी पुण्या-नगरचे आहेत, कोणी बेळगावचे, कोणी इंदूर-बडोद्याचे. आजचा भाग मी कुंभकोणमहून, कावेरीकाठच्या या गावातून तुमच्यापुढे ठेवतो आहे. विषय आहे उपकारस्तुती. मागच्या भागानंतर एका भगिनीने मला विचारले, “मुलगा गेला त्याला अजून वर्षही झाले नाही. मंडळीत सगळे म्हणतात, प्रभूचे आभार मान. कशाबद्दल मानू?” या प्रश्नाला सामोरे न जाता या विषयावर बोलणे मला बरोबर वाटत नाही.

आधी शब्द पाहू. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. तमिळ लोकांच्या तिरुक्कुरळ या प्राचीन ग्रंथाच्या अकराव्या अध्यायाचे नाव आहे ‘सेय्नन्रि अरिदल’, म्हणजे केलेले उपकार जाणणे. दोन वेगळ्या भाषा, पण अर्थ तोच. दोन्हीकडे भर जाणण्यावर आहे. कोणी माझ्यासाठी काय केले, त्यासाठी त्याला काय मोजावे लागले, हे ओळखणे म्हणजे कृतज्ञता. मन प्रसन्न असणे ही वेगळी गोष्ट आहे. प्रसन्नता येते आणि जाते. जाणलेली गोष्ट मात्र दुःखातही खरीच राहते.

आता वचनाकडे वळू. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्तामध्ये मुळावलेले असा आणि उपकारस्तुतीत वाढत जा. हे पत्र त्याने तुरुंगातून लिहिले. त्याचे अध्याय चार, आणि चारही अध्यायांत उपकारस्तुतीचा उल्लेख येतो. बेड्यांत असलेला माणूस हे लिहितो, तेव्हा तो आपल्या सोयीच्या दिवसांबद्दल बोलत नसणार.

मूळ म्हणजे काय, हे इथे कावेरीकाठी चांगले कळते. उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे पडते, नुसती वाळू दिसते. जूनमध्ये मेट्टूर धरणाचे पाणी सोडले की खालच्या भातशेतीला जीव येतो. भाताची मुळे वरवर असतात, म्हणून त्याला वरून पाणी लागतेच. पण काठावरची जुनी झाडे मे महिन्यातही हिरवी असतात, कारण त्यांची मुळे वाळूखालच्या ओलाव्यापर्यंत पोहोचलेली असतात. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायातले पाण्याजवळचे झाड असेच आहे. उन्हाळा त्यालाही येतो, पण त्याला उन्हाळ्याची भीती वाटत नाही. आपली उपकारस्तुती भातासारखी आहे की झाडासारखी? पगार झाला, रिपोर्ट चांगला आला, की आभार. आणि पाणी आटले की ओठ बंद?

इथून सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशाने तिथे राज्य केले, आणि त्या काळात आलेल्या कुटुंबांचे वंशज आजही या भागात घरात मराठी बोलतात. 1750 साली ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी तरंगमबाडीला उतरला आणि पुढे तंजावरला राहिला. हैदरअलीच्या स्वारीत या मुलखाची धूळधाण झाली. किल्ल्यात धान्य नव्हते, आणि शेतकरी धान्य आणायला तयार नव्हते, कारण पूर्वीचे पैसे त्यांना मिळाले नव्हते. श्वार्ट्झने स्वतःचा शब्द दिला, तेव्हा धान्य आले. त्याने आधी साठवलेल्या तांदळातून भुकेलेल्यांना अन्नही मिळाले.

तुळजाजीराजांनी मरण्यापूर्वी आपला दत्तक मुलगा सरफोजी याची काळजी त्याच्यावर सोपवली. गादी चुलत्याकडे गेली आणि मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झ त्याच्यासाठी उभा राहिला आणि त्याच्या शिक्षणाची सोय झाली. फेब्रुवारी 1798 मध्ये श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मरणशय्येवरचा गुरू आणि त्याच्या जवळ उभा असलेला राजा, असे ते शिल्प आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झ तर जगातून गेला होता. त्याच्याकडून आता काही मिळण्यासारखे नव्हते, त्याला खूश करायचे नव्हते. तरीही राजाने आठवण ठेवली. लूक सतरामधल्या दहा कुष्ठरोग्यांचे असेच आहे. दहाही जण बरे झाले. परत आला तो एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका. त्याला आणखी काही मागायचे नव्हते. गरज संपल्यावरही जी परत फिरते, ती उपकारस्तुती मुळावलेली आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. पौल थेस्सलनीकाकरांना सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. प्रत्येक वाईट गोष्टीबद्दल आभार माना, असे तो तिथे म्हणत नाही. योहान अकरामध्ये लाजाराच्या कबरेजवळ प्रभू येशू रडला, आणि त्याच कबरेपाशी त्याने पित्याचे आभारही मानले. त्याने मरणाचे आभार मानले नाहीत. पिता आपले ऐकतो, याचे मानले. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्या रात्रीही त्याने भाकर घेऊन आधी उपकारस्तुती केली. म्हणून माझ्या बहिणी, मुलाच्या जाण्याबद्दल आभार मानण्याची सक्ती तुझ्यावर कोणी करू नये. रडणे हा अविश्वास नाही. तो मुलगा तुला मिळाला होता, त्याच्याबरोबरचे दिवस खरे होते, हे मरणानेही पुसले जात नाही. आज तेवढेच म्हणता आले, तर तेवढेच म्हण. तेही न जमले, तर मंडळीने तुझ्याजवळ नुसते बसावे. ते तिचे काम आहे.

बाकीच्यांसाठी तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, रात्रीच्या प्रार्थनेत “सर्व आशीर्वादांबद्दल आभार” असे मोघम म्हणू नका. आजच्या एकाच उपकाराचे नाव घ्या: कोणी केला, काय केले, त्याला काय पडले. दुसरी, ज्याच्याकडून आता तुम्हाला काही मिळण्यासारखे नाही, अशा एका माणसाला या आठवड्यात भेटा किंवा फोन करा. तुमचे जुने शिक्षक असतील, निवृत्त परिचारिका असेल, उपासनेनंतर चर्च झाडणारे काका असतील. तिसरी, जो दुःखात आहे त्याला आभार मानायला शिकवू नका. त्याच्या घरी डबा घेऊन जा. उद्या त्याला आठवायला काही उपकार असावेत, ही जबाबदारी आपली आहे.

मुळे एका दिवसात खोल जात नाहीत, आणि ती वाढताना कोणाला दिसतही नाहीत. पण पाणी असते तेव्हाच ती खाली सोडायची असतात. तुमचे दिवस आज बरे चालले असतील, तर सुरुवात आजच करा. प्रभू तुम्हा सर्वांना आपल्यामध्ये मुळावलेले ठेवो. आमेन.