ऑपरेशन मांजराचे, बिल कशाचे?

या सदरात आपण नेहमी माणसांच्या आजारांबद्दल वाचतो. या वेळी घरातल्या चार पायांच्या मंडळींच्या ऑपरेशनबद्दल आणि त्याच्या खर्चाबद्दल लिहीत आहे. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता उम्म अल कुवैनमधल्या एका लहान दवाखान्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते. आमच्याकडे अरब, मल्याळी, फिलिपिनो सगळे येतात, मराठी कुटुंबेही येतात. भाषा कोणतीही असो, खर्चाचा कागद हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, माणसाच्या ऑपरेशनला तरी एवढे लागतात का?"

लागतात, आणि बरेच जास्त लागतात. ते आपल्या खिशातून जात नाहीत म्हणून कळत नाहीत. 1 जानेवारी 2025 पासून उम्म अल कुवैनसह उत्तरेकडच्या अमिरातींतही खासगी नोकरदारांसाठी आरोग्य विमा सक्तीचा झाला. मूळ योजनेचा हप्ता वर्षाला 320 दिरहम, आणि तो कंपनीच्या मालकाने भरायचा. रुग्णालयात आपण आपला हिस्सा देतो आणि घरी येतो. उरलेले बिल किती होते, हे विचारतही नाही. मांजराच्या बाबतीत मालक आपणच! पूर्ण बिल आपल्या हातात येते, वर 5 टक्के व्हॅट.

मुंबईच्या वाचकांच्या मनात आणखी एक तुलना असते, ती परळच्या बैलघोडा हॉस्पिटलशी. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे हे रुग्णालय 19व्या शतकात पेटिट घराण्याच्या दानातून उभे राहिले आणि 1886 मध्ये त्याच आवारात आमचे महाविद्यालय सुरू झाले. अशा ठिकाणी रुग्णाच्या मालकाला कमी पैसे पडतात, कारण उरलेले पैसे देणगीदार, संस्था किंवा सरकार घालते. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. ते उभारायलाच सुमारे 165 कोटी रुपये लागले. म्हणजे खर्च सगळीकडे असतोच. तो कोण भरतो, हे ठिकाणाप्रमाणे बदलते.

बिलात काय काय असते?

लोकांना वाटते, आपण पैसे देतो ते कापण्याचे आणि शिवण्याचे. मांजरीच्या नसबंदीत माझे हात साधारण अर्धा तास चालतात. पण ती मांजरी सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. मधल्या वेळेत हे सारे घडते.

पहिली, तपासणी. रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंडे भूल सहन करतील का ते पाहायचे. गरज पडली तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी. प्राणी बोलून सांगत नाही, म्हणून माणसापेक्षा इथे तपासण्यांवर जास्त अवलंबून राहावे लागते.

दुसरी, भूल. माणसाला "हलू नका" असे सांगून हाताला टाके घालता येतात. मांजराला सांगता येत नाही. त्यामुळे लहानसहान कामालाही अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून 40 किलोच्या कुत्र्याला 4 किलोच्या मांजरापेक्षा साधारण दहापट औषध लागते. ऑपरेशन एकच असले तरी दोघांचे बिल सारखे येत नाही, त्याचे एक कारण हे.

तिसरी, निर्जंतुक साहित्य. अवजारे, चादरी, हातमोजे, टाक्यांचे धागे. यातले बरेचसे एकदा वापरून टाकायचे असते.

चौथी, लक्ष ठेवणारी माणसे. 4 किलोच्या मांजराच्या अंगात सगळे मिळून साधारण 240 मिलिलिटर रक्त असते, एका मोठ्या कपाएवढे. त्यातले चार-पाच चमचे गेले तरी आमचे डोळे मॉनिटरकडे वळतात. भुलेत अंगाची ऊबही झपाट्याने उतरते, ती टिकवावी लागते. हे पाहायला शल्यचिकित्सकाशिवाय वेगळे माणूस हवे.

पाचवी, शुद्धीवर येण्याचा वेळ. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात सुमारे 98 हजार कुत्रे आणि 79 हजार मांजरांच्या भुलेच्या नोंदी तपासल्या गेल्या. भुलेशी संबंधित कारणाने जी मांजरे दगावली, त्यांतली सुमारे 60 टक्के ऑपरेशन झाल्यानंतर दगावली आणि त्यांतली बहुतेक पहिल्या 3 तासांत. म्हणून "ऑपरेशन झाले ना, मग द्या घरी" असे कुणी म्हटले की मी मान हलवते. त्या तासांचे पैसे वाया जात नाहीत.

ऑपरेशन तेच, वेळ वेगळी

खर्च खरोखर कुठे वाढतो ते आता पाहू. त्याच ब्रिटिश अभ्यासात निरोगी मांजरांपैकी दर 10 हजारांमागे सुमारे 11 दगावली. आजारी मांजरांत हाच आकडा सुमारे 140 होता. प्राणी जितका खालावलेला, तितका धोका जास्त, आणि तो धोका सांभाळायला लागणारे सलाईन, औषधे, तपासण्या, मुक्काम हे सगळे बिलात चढत जाते.

कुत्रीच्या गर्भाशयाचेच उदाहरण घ्या. ती निरोगी असताना ठरवून नसबंदी केली, तर काम एका दिवसात आटोपते. ती केली नाही, तर वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी आहे आणि नसबंदी पूर्वी क्वचितच करत. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून दिसले की साधारण चारांतल्या एका कुत्रीला दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. माज संपल्यावर साधारण 4 ते 8 आठवड्यांनी कुत्री भांडेभर पाणी पिऊ लागली, जेवेनाशी झाली, उलट्या करू लागली, तर थांबू नका. कधी खालून पू येतो, कधी तोंड बंद असल्याने काहीच दिसत नाही. तेव्हाही काढायचे असते तेच गर्भाशय, पण आता ते पुवाने भरलेले, फुटू शकणारे, आणि कुत्री अशक्त. खर्च नसबंदीच्या कित्येक पट होतो.

नसबंदी धर्माला धरून आहे का, असा प्रश्न आपल्यातल्या काहींना पडतो. त्यांनी तो जाणकार रब्बींना आधीच विचारून घ्यावा. मी वैद्यकीय बाजू सांगितली.

दुसरे उदाहरण बोक्याचे. त्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते. बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, ओरडतो, थेंबही पडत नाही. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले. 24 ते 48 तासांत रक्तातले पोटॅशियम एवढे चढू शकते की हृदय थांबेल. पहिल्या काही तासांत आणलेल्या बोक्याला बहुधा नळी घालून मोकळे करता येते. दोन दिवसांनी आणलेल्याला आधी जगवावे लागते.

उम्म अल कुवैनमध्ये

आमचे गाव खाडीकाठचे, मासेमारीचे. आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाला इथे परके वाटत नाही. मांजरेही तशीच, माशाच्या वासावर जगणारी. त्यामुळे गळ गिळलेली, नायलॉनची दोरी पोटात गेलेली मांजरे येतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत आतड्यांच्या घड्या पडलेल्या असतात, ओढल्याने आतडे चिरते. तसेच दुखते म्हणून मांजराला पॅनाडॉल किंवा क्रोसिन देऊ नका. एक गोळीही जीव घेऊ शकते.

लहान दवाखान्यात रात्रभर माणूस ठेवणे परवडत नाही. अवघड रुग्ण आम्ही शारजा किंवा दुबईच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात पाठवतो. दुबई इथून साधारण 50 किलोमीटर. रात्रीचा दर, मुक्काम, गाडीभाडे असे तिन्ही वाढते. म्हणून जे सकाळी दिसले, ते रात्रीवर ढकलू नका.

डॉक्टरांना काय विचाराल?

लाजू नका. पैशांबद्दल विचारल्याने तुमचे प्राण्यावरचे प्रेम कमी ठरत नाही. मला तर आधी विचारणारा माणूस आवडतो.

एक, खर्चाचा अंदाज लेखी द्या. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही आकडे सांगा. दोन, यात तपासण्या, मुक्काम, औषधे, टाके काढणे आणि व्हॅट धरले आहे का? तीन, आकड्याच्या वर जायची वेळ आली तर आधी फोन कराल का? चार, भूल कोण पाहणार आणि शुद्धीवर येताना जवळ कोण असणार? पाच, ऑपरेशन न करता दुसरा उपाय आहे का, आणि त्याने काय साधेल? सहा, हे आजच करायचे की आठवड्याने चालेल?

दोन ठिकाणचे आकडे ताडून पाहताना फक्त शेवटची बेरीज पाहू नका. एकाच्या कागदावर रक्ततपासणी आणि वेदनाशामक असेल, दुसऱ्याच्या नसेल. स्वस्त दिसणाऱ्या बिलातून काय गाळले आहे ते पाहा. आणि जमेल तितकी रक्कम स्पष्ट सांगा. एवढ्यात काय करता येईल, कोणती तपासणी आधी, कोणती नंतर, हे आम्ही ठरवू शकतो. आकडा कळला नाही तर आम्ही सगळ्यांत मोठा कागद लिहून मोकळे होतो आणि माणूस घाबरून घरी जातो.

नाही म्हणण्याचाही अधिकार आहे

एका मराठी कुटुंबाचा 13 वर्षांचा लॅब्राडोर माझ्याकडे आला. प्लीहेवर गाठ, पोटात रक्तस्राव, छातीतही पसरल्याच्या खुणा. मुलगी दहावीला, वडिलांची नोकरी डळमळीत. बाईंनी विचारले, "आमच्या जागी तुम्ही असता तर?" मी खरे ते सांगितले: ऑपरेशनने आजचा रक्तस्राव थांबेल, पण या गाठीत बहुतेक कुत्रे त्यानंतरही काही आठवडे किंवा थोडे महिनेच काढतात. कर्ज काढून ते महिने विकत घ्यायचे की वेदना न होऊ देता त्याला निरोप द्यायचा, दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. त्यांनी निरोप निवडला. मुलगी शेवटपर्यंत त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. पैसे नव्हते म्हणून त्याला सोडले, असे त्या घराला कधी वाटू नये, असे मला मनापासून वाटते. बरा होणारा आजार आणि न बरा होणारा आजार यांतला भेद डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, मग निर्णयाचे ओझे हलके होते.

शेवटी एक घरगुती उपाय. प्राणी घरी आणाल त्याच महिन्यापासून त्याच्या नावाने थोडी रक्कम बाजूला टाका. विमा घेणार असाल तर प्राणी तरुण आणि निरोगी असताना घ्या, कारण आधीपासून असलेला आजार सहसा धरत नाहीत. प्रतीक्षेचे दिवस आणि वरची मर्यादाही वाचून घ्या. नसबंदी करणार असाल तर ती, दात आणि वर्षातून एकदा तपासणी ही कामे ठरवून करा. आणि जवळच्या चोवीस तासांच्या रुग्णालयाचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.